पाहण्याआधी सही

संगीताने लॅपटॉप उघडलाच नाही. पाहिलेलं बाहेर नेणार नाही, कुणाला सांगणार नाही, असा दोन पानी करार त्याच्यावर ठेवला आणि म्हणाली, "आधी सही, काका. मंग कोड."

भगवानरावांची मुकुटबनजवळ कापसातली सरकी काढून गाठी बांधणारी जिनिंग होती. कोणत्या ढिगात कोणता कापूस मिसळला की गाठी एकसारख्या उतरतात, हे सांगणारा प्रोग्राम संगीताने दोन हंगाम खपून लिहिला होता. भगवानरावांना तो हवा होता, पण घेण्याआधी त्यांच्या पुतण्याला, अमरला, आतला कोड पाहायचा होता. अमर स्वतः इंजिनियर. त्याने एकदा कोड नेला की आपली दोन वर्षं पाण्यात, हे संगीताला पक्कं ठाऊक होतं.

"तुह्या बापाचा कापूस तीस वर्षं घेऊन राह्यलो," भगवानराव दुखावले. "कधी असा कागद लागला नाही आमाले."

तिचा बाप फुलसिंग खुर्चीच्या काठावर अवघडून बसला होता. पोरगी सगळं उघडून दाखवेल, असा शब्द त्यानेच तर दिला होता. नमुना दाखवल्याशिवाय माल विकत नाहीत, एवढंच त्याला माहीत. "दाखव ना वं," तो पुटपुटला. "पाहाले काय जाते?"

"पेनड्राइव्हमध्ये द्या," अमर म्हणाला. "घरी नेऊन पाहतो, सोमवारी सांगतो."

संगीताला राग आला, अमरपेक्षा बापाचा जास्त. आवाज मात्र चढला नाही. "बापू, गाडीतून मूठभर कापूस पाहाले काढतेत, थो कधी कोनी परत टाकला का?"

तीस वर्षांत कुणी टाकला नव्हता, आणि फुलसिंगनेही मागितला नव्हता. मूठभर तर असतो. इथे मात्र ती मूठ म्हणजेच अख्खी गाडी होती. त्याने करार उचलला आणि भगवानरावांपुढे सरकवला.

"करा सही, मालक. माह्या शब्दावर नका जाऊ. मले समजलं नोतं."

भगवानरावांनी पुतण्याकडे पाहिलं, मग पेन मागितलं. दोघांच्या सह्या झाल्यावर संगीताने आणखी एक प्रत काढून बापापुढे ठेवली.

"तुमीबी, बापू. तुमीबी इथंच बसून पाहान ना."

फुलसिंगने एकेक अक्षर जपून काढत सही केली. कोडमधलं त्याला ओ की ठो कळलं नाही, तरी तासभर ताठ बसून तो पाहत राहिला.

एरवी बाजारातली बारीकसारीक गोष्टसुद्धा तांड्यात शिरल्यापासून सांगत सुटणारा माणूस त्या दिवशी मुकाट्याने घरी आला. त्याच्या बायकोने, रामीबाईने, चहा पुढे केला. "काय दाखवलं पोरीनं?"

"सांगता येत नाही," फुलसिंग म्हणाला. "सही केली मी."