पाड्यावरची मरिया

बदलापूर गाव मागे टाकून बारवी धरणाकडे निघालं की रस्त्यालगत एक छोटं कौलारू चर्च लागतं. तिथली मरियेची मूर्ती सागाच्या ओंडक्यातून कोरलेली होती. तिथे नेमाने येणाऱ्या जिवलीच्या आज्याने, बुधाजी ठाकराने, ती घडवली होती. डोंगरावरच्या त्यांच्या पाड्याने तेव्हा नुकताच बाप्तिस्मा घेतला होता आणि बुधाजीने मरियेचं चित्रही धड पाहिलेलं नव्हतं. त्याने तिला गुडघ्यापर्यंत लुगडं नेसवलं, कपाळावर गोंदण काढलं. पाड्यावरची बाई बाळंत झाली की घरचे येऊन मरियेच्या हातात हिरव्या बांगड्या भरत.

चर्चला शंभर वर्षं होणार म्हणून कमिटी नेमली गेली. अध्यक्ष प्रमोद. कुळगावच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहणारा, बँकेत मोठ्या हुद्द्यावरचा. एका रविवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर तो वेदीजवळ येऊन म्हणाला, "सोहळ्याला बिशप येणार आहेत. मुंबईहून नवी मूर्ती आणतोय. जुनीला कीड लागली आहे."

जिवली बायकांच्या रांगेतून उठली. "कीड कुठं लागली? मी दर शनिवारी पुसते तिला."

"जिवलीबाई, कमिटीत ठरलंय."

"कमिटीत आमचं कोण हाय?"

प्रमोदने आवाज उतरवला, पण तो सगळ्यांना ऐकू गेला. "लोक बाहेरून येतात, विचारतात. ती मरिया वाटत नाही. पाड्यावरची बाई वाटते."

"पाड्यावरचीच हाय ती," जिवली म्हणाली.

फ्लॅटवाल्यांच्या बाकांवर कुणीतरी हसलं. फादर बाजूलाच उभे होते. तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी पुस्तक मिटलं आणि आत निघून गेले.

पुढच्या शनिवारी जिवली पुसायला गेली तर कोनाडा रिकामा. मूर्ती मागच्या खोलीत जनरेटरशेजारी आडवी टाकलेली. हातातल्या सगळ्या बांगड्या कुणीतरी पक्कडीने फोडून काढल्या होत्या. काचा तिथेच पडल्या होत्या. जिवलीच्या सुनेची बांगडी त्यात होती, मेलेल्या लेकीचीही होती. ती खाली बसली. मग उठून बाहेर आली आणि भावाला, पदूला, फोन लावला.

"ये. तिला न्यायचीय."

पदूने मूर्ती खांद्यावर घेतली. दोघं भर दुपारी रस्त्याने चालत पाड्यावर गेली. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही.

संध्याकाळी प्रमोद हवालदाराला घेऊन पाड्यावर आला. मागून फादर मोटारसायकलवर आले.

"चर्चची मालमत्ता आहे ती. सरळ चोरी आहे ही," प्रमोद म्हणाला.

"तू तिच्या बांगड्या फोडल्यास," जिवली म्हणाली. याआधी तिने त्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती. "जितीजागती बाई असती तर फोडल्या असत्यास?"

"अंधश्रद्धा आहे तुमची. इतक्या पिढ्या झाल्या तरी सुधारला नाहीत."

पदू पुढे सरसावला. हवालदाराने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला थांबवलं. "मूर्ती कुणाच्या परवानगीने आणली?"

तेवढ्यात फादर म्हणाले, "मी दिली. मीच घेऊन जा म्हणालो होतो."

ते खोटं होतं आणि तिथल्या प्रत्येकाला ते कळलं. प्रमोदचा चेहरा उतरला. "फादर, तुम्ही बिशपना काय सांगणार आहात?"

"तेच, जे आत्ता सांगितलं."

हवालदाराने मग काही लिहूनच घेतलं नाही. प्रमोद त्याच्यासोबत खाली उतरून गेला. फादर थांबले होते. जिवली आता काही चांगलं बोलेल असं त्यांना वाटलं असावं.

"फादर, ज्या दिवशी तो सगळ्यांसमोर बोलला, त्या दिवशी तुम्ही आत का गेलात?"

फादर मोटारसायकल ढकलत उतरावरून खाली गेले.

सोहळ्याला नवी मूर्ती बसली, पांढरीशुभ्र. पाड्यावरचं एकही माणूस खाली उतरलं नाही. बिशपने रिकाम्या बाकांकडे पाहून प्रमोदला काहीतरी विचारलं. प्रमोदने काय उत्तर दिलं ते पाड्याला कधी कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

आता दर रविवारी प्रार्थना पदूच्या ओटीवर, जुन्या मरियेपुढे होते. एकदा फादर आले आणि अंगणात चपला काढून उभे राहिले. बायका गात होत्या. जिवलीने त्यांना पाहिलं आणि गाणं पुढे चालू ठेवलं. ओटीवर जागा होती, पण कुणी सरकलं नाही. गाणं संपेपर्यंत फादर उन्हातच उभे होते.