मी फक्त ओढते

मी एक बेटकुळी बोलतेय. डिनांट रॉर्डिंक नावाच्या गृहस्थाच्या उजव्या दंडात माझा मुक्काम आहे. डॉक्टर लोकांनी मला लांबलचक नाव दिलंय, कारण वर खांद्यापाशी मला दोन मुळं आहेत. पण बाही सरकवून कोपर वाकवलं की जी गोटी उठते आणि जिच्याकडे बघून भलेभले छाती फुगवतात, ती मी. तेव्हा बेटकुळीच म्हणा.

आधी एक कबुली देते. मला ढकलता येत नाही. आखूड व्हायचं आणि ओढायचं, एवढी एकच विद्या मला येते. वाकलेला हात सरळ करायचं काम दंडाच्या मागच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या जावेचं. ती ओढते तेव्हा मी सैल पडायचं, मी ओढते तेव्हा तिने. दोघी एकदम हट्टाला पेटलो तर हात लाकडासारखा ताठ होतो आणि काम काहीच होत नाही. माणसांच्या घरात हा प्रकार रोजचा आहे. आमच्यात क्वचित.

डिनांट जन्मला तेव्हाच माझे तंतू जवळजवळ मोजून मिळाले होते. आजही साधारण तेवढेच आहेत. त्याने पुढे जे काही केलं, त्याने एकेक तंतू जाड झाला, इतकंच. हे मुद्दाम सांगते, कारण आरशासमोर उभा राहून तो बायकोला म्हणायचा, "गेर्डिन, हे सगळं मी शून्यातून कमावलंय."

"शून्य तुझ्या डोक्यात होतं," गेर्डिन म्हणायची. "दंड तुझ्या आईने दिला."

डिनांटचा धंदा गाईंचे खुर तासण्याचा. आल्डेरवेल्ड या आमच्या गावाच्या पंचक्रोशीतल्या गोठ्यांतून तो फिरायचा. एका हाताने गाईचा पाय उचलून धरायचा, दुसऱ्याने वाकडी सुरी चालवायची. सुरी फिरवताना तळहात वर वळवावा लागतो, आणि तो वळवणारीही मीच. किल्ली फिरवणं, बाटलीचं बूच काढणं, ही माझी खरी कामं. पण बूच काढणाऱ्याचा फोटो कोण काढतो? त्यामुळे मी हळूहळू बिघडले. मला कौतुकाची चटक लागली.

तशात तो गावच्या रस्सीखेचीच्या संघात गेला. आमच्याकडे रस्सीखेच म्हणजे पोरखेळ नव्हे. आठ जण विरुद्ध आठ जण, टाचेला लोखंडी पट्टी ठोकलेले बूट, आणि शेजारच्या बुकेल गावाशी तीन पिढ्यांचं वैर. त्या वैराचं मूळ कारण कुणालाच आठवत नाही, म्हणूनच ते इतकं टिकलंय.

संघाचे गुरुजी होते ग्रादुसकाका. डिनांटच्या अगदी भिंतीला भिंत लागून घर. पहिल्याच दिवशी डिनांट बाही कापलेला सदरा घालून मैदानात गेला. काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे काय आणलंयस?"

"दंड आहे, काका."

"उद्यापासून घरी ठेवून ये. दोर पायांनी ओढायचा, पाठीने ओढायचा. हात म्हणजे नुसता आकडा. आकड्याने अडकायचं असतं, मिरवायचं नसतं."

मला हा अपमान वाटला. पण म्हातारा खोटं बोलत नव्हता. हात सरळ ठेवून, पाठ जमिनीकडे टाकून आठ जण मागे रेलले की सगळा भार मांड्या उचलत. मी नुसती दोराच्या एका टोकाला लटकलेली. आणि सामना संपला की मैदानाबाहेरच्या बायका कुणाला दाबून बघत? मला. मांड्या बिचाऱ्या विजारीत.

नवी पोरं आली की काका जुन्या दोराचा तुकडा कापून दाखवत. "बघा, दोरात पेड, पेडात सूत, सुतात काथ्याचे धागे. एक धागा बोटानेही तुटतो." पोरं जांभया देत. मी मात्र कान देऊन ऐकायची, कारण म्हातारा नकळत माझीच कुंडली वाचत होता. माझ्यातही जुड्या आहेत, जुडीत तंतू, तंतूत त्याहून बारीक दोरे. आणि त्या दोऱ्यावर शेवटपर्यंत एकापुढे एक अशा इवल्या खोल्या, आगगाडीच्या डब्यांसारख्या. प्रत्येक खोलीत दोन जातींचे धागे, काही बारीक, काही जाड. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अर्धी गुंतवलीत तर कसं दिसेल, तसे बसलेले.

आता डिनांटच्या मनात आलं, की ओढावं. हुकूम मेंदूतून निघतो, मानेतून खाली उतरतो आणि नसेच्या टोकाशी थांबतो. नस मला चिकटलेली नसते. मधे सूतभर फट असते. त्या फटीत ती एक थेंब सांडते, आणि माझ्या अंगावरून वीज पळते. आत पिशव्या असतात, त्या उघडतात. त्यांतून कॅल्शियम बाहेर पडतं. दुधात असतं तेच. बारीक धाग्यावर एक राखणदार आडवा पडलेला असतो, कुणाला हात लावू देत नाही. कॅल्शियम त्याला बाजूला सारतं. की लगेच जाड धाग्याची शेकडो मुंडकी पुढे होतात, बारीक धागा पकडतात, मान वाकवून ओढतात, सोडतात, आणि पुढची जागा पकडतात.

गंमत म्हणजे आखूड कुणीच होत नाही. बारीक धागा तेवढाच राहतो, जाडही तेवढाच. ते फक्त एकमेकांत सरकतात, खोली आखडते, आणि बाहेरच्यांना वाटतं, बेटकुळी फुगली. फुगत कसली? दाटीवाटीने बसते. संघाच्या कार्यकारिणीचा फोटो पाहिलात तर लक्षात येईल, बाहेरून भरदार दिसणारं बरंचसं आतून असंच असतं.

तर या मिरवण्यात डिनांट सत्तेचाळीस वर्षांचा झाला आणि ऑगस्टमधली गावजत्रा आली.

अंतिम सामना बुकेलशी. एक खेच त्यांनी जिंकली, एक आम्ही. तिसरीच्या आधी बुकेलचा म्होरक्या वेसेल पाणी पिता पिता म्हणाला, "डिनांट, तुझी बेटकुळी म्हातारी झाली रे. लोंबायला लागली."

एवढंच. एवढ्या एका वाक्यावर एक शहाणासुरता माणूस सव्वीस वर्षांचं शिक्षण विसरला.

खेच सुरू झाली. मिनिटभर दोन्ही बाजू हलेनात. वर्तमानपत्राचा फोटोवाला अगदी समोर गुडघ्यावर बसला होता. डिनांटने त्याच्याकडे पाहिलं, मग वेसेलकडे, आणि कोपर वाकवलं.

"हात सरळ ठेव, गाढवा," काका ओरडले.

मला हुकूम आला, सगळी मुंडकी लावा. मी लावली. नेमकं त्याच क्षणी वेसेलचे आठही जण एकदम मागे पडले. मी आखडत होते आणि दोर मला ताणत होता. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. कोपराखाली हाडाला मला बांधून ठेवणारी दोरी तुटली, आणि मी खिडकीचा पडदा सुटावा तशी गुंडाळत दंडावर चढून बसले.

आयुष्यात मी एवढी मोठी कधी दिसले नव्हते. चांगली सफरचंदाएवढी. आम्ही हरलो होतो, डिनांट गुडघ्यावर होता, त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि कुंपणापलीकडचे लोक टाळ्या वाजवत होते. "काय दंड आहे," एक बाई म्हणाली. फोटोवाल्याने तर तीन फोटो घेतले. तो फोटो संघाच्या कार्यालयात चौकटीत लागला, खाली ठळक अक्षरांत 'ताकद'. त्या घटकेला मला एक चमचा उचलता आला नसता.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "तळहात वर वळवा पाहू."

वळेना.

"फार जोरात ओढलंत वाटतं?"

"तो बघत होता," डिनांट म्हणाला. कोण, ते त्याने सांगितलं नाही, आणि बाईंनीही विचारलं नाही. असे पुरुष त्यांनी पुष्कळ पाहिले असावेत.

मला खाली ओढून पुन्हा हाडाला शिवलं. मग झोळी. हात गळ्यात. मला कामच नाही. आमच्या जातीला रिकामपण सोसत नाही. हुकूम आला नाही की शरीर आमच्यातलंच सामान काढून दुसरीकडे वापरायला लागतं. चार आठवड्यांत मी अर्धी झाले. गाईंचे पाय धरायला बुकेलहून माणूस येऊ लागला. डिनांट खिडकीशी बसून डाव्या हाताने मनुकांचा पाव खायचा.

काका रोज यायचे. मांडीवर टोपी ठेवून बसायचे.

"दुखतंय?"

"नाही."

"दुखलं पाहिजे. तेवढीच अक्कल येईल." मग जरा वेळाने म्हणायचे, "माझं काही बरंवाईट झालं तर शवपेटीचा पुढचा उजवा कोपरा तुझा आहे, लक्षात ठेव. लवकर बरा हो."

आमच्याकडे माणूस गेलं की पेटी शेजारी उचलतात. तो शेजारधर्म. पहिल्या शेजाऱ्याचा मान पहिला, आणि काकांचा पहिला शेजारी डिनांट. सगळं गाव दोराबद्दल बोलायचं, पण डिनांटला आतून काय टोचत होतं ते मला ठाऊक आहे. काका ऐंशीच्या पुढे होते, आणि मी सुतळीसारखी झाले होते.

शस्त्रक्रियेला सहा आठवडे झाले, आणि ऑक्टोबरातल्या एका सकाळी काकांची बायको, डिकाकाकू, मागच्या दाराने आल्या. अंगावर कामाचा अंगरखा तसाच.

"डिनांट, जरा येतोस? तो उठत नाहीये. आणि टीव्ही बंद होत नाहीये."

काका खुर्चीत होते. रात्रीच केव्हातरी गेलेले. टीव्हीवर एक बाई मोठ्या आवाजात कोबी कसा चिरावा ते सांगत होती. काकांच्या मुठीत रिमोट होता. काकू त्यांची बोटं उलगडायला बघत होत्या.

"सोडतच नाही बघ," त्या म्हणाल्या.

माझ्या बिरादरीतलं गुपित आहे, ते इथे सांगायला हवं. पकडल्यानंतर सुटायलाही आम्हाला इंधन लागतं. पकडलेल्या मुंडक्याला नवा कण मिळाला, तरच ते धागा सोडतं. श्वास थांबला की इंधन बनायचं थांबतं, आणि मुंडकी जिथल्या तिथे चिकटून राहतात. म्हणून मेलेलं अंग ताठतं. लोक समजतात, धरायला जोर लागतो. सोडायलाही जीव लागतो.

डिनांटने वायर उपटली. खोली शांत झाली. "राहू दे, काकू," तो म्हणाला. "एकदोन दिवसांत आपोआप सैल होईल." मग तो तिथेच जमिनीवर बसला, आणि रडला. उजवा हात झोळीत होता, डाव्यात उपटलेली वायर तशीच होती, म्हणून काकूंनी आपल्या अंगरख्याने त्याचं तोंड पुसलं.

गावाला कळवायचं काम पहिल्या शेजाऱ्याचं. संघाच्या अध्यक्षांना त्याने फोन केला. अध्यक्षांनी विचारलं, "शांतपणे गेले ना?"

"हो. मुठीत धरलेलं शेवटपर्यंत घट्ट होतं," डिनांट म्हणाला. काय धरलं होतं, ते सांगायला त्याची जीभ वळली नाही.

बस, तेवढ्यावर काम झालं. अंत्यविधीच्या दिवशी अध्यक्ष चर्चमध्ये उभे राहिले, खाकरले, आणि म्हणाले, "आपले ग्रादुस अखेरच्या क्षणीही दोर हातात धरून होते." माणसांनी नाकं ओढली. पहिल्या बाकावर डिकाकाकू ताठ बसून होत्या. डिनांट बुटांकडे बघत होता.

पेटीचा पुढचा उजवा कोपरा त्याला मिळाला नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, कॉफीच्या कपापेक्षा जड काही उचलायचं नाही. माणूस कमी पडला तेव्हा वेसेल पुढे आला. "मी धरतो," एवढंच म्हणाला. डिनांट पेटीच्या बाजूने रिकाम्या हातांनी चालला. बघ्यांपैकी कुणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं. काळ्या कोटाच्या बाहीत मी होते की नव्हते, कळलंही नसतं.

नंतर सभागृहात कॉफी आणि पाव. पुरुषमंडळी एका कोपऱ्यात जमून दोराची गोष्ट वाढवत होती. एव्हाना दोराला गाठही आली होती. काकू दुसऱ्या टोकाला एका खोल, मऊ खुर्चीत रुतल्या होत्या. त्यांनी डिनांटला खुणेने बोलावलं आणि हात पुढे केला.

"उठव मला. गुडघे ऐकत नाहीत."

"काकू, मला कपाएवढंच उचलायची परवानगी आहे."

"मग मी कपाएवढीच आहे असं समज."

त्याने हात दिला. उजवा. हुकूम आला, भीतभीत, थोड्याच तंतूंना. मी ओढलं. शिवणीच्या जागी कळ आली. पण काकूही आपल्या मांड्यांनी जोर लावत होत्या, डिनांट मागे रेलला होता, आणि हात त्याने जवळजवळ सरळ ठेवला होता. हळूहळू काकू उभ्या राहिल्या. कुणी टाळी वाजवली नाही.

त्या त्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "दोर म्हणे. बावन्न वर्षं मी त्या माणसाशी रिमोटवरून भांडले. त्याने शेवटपर्यंत सोडला नाही, एवढं मात्र अध्यक्ष खरं बोलले."

डिनांट हसायला लागला, आणि त्याला ते आवरेना. काकूही हसल्या. लोकांनी वळून पाहिलं, दोघं दुःखाने हलतायत असं समजून आदराने मान खाली घातली.

याला आता तीन वर्षं झाली. मी पूर्वीसारखी झाले नाही, होणारही नाही. बोटभर बारीकच आहे. डिनांट पुन्हा खुर तासतो, संघातल्या पोरांना हात सरळ ठेवायला शिकवतो, आणि दर रविवारी काकूंचं बागेतलं बाक हलवायला जातो. बाहीचे सदरे घालतो.

वाचकहो, तुमच्याही दंडात मी आहे. मला फुगवून दाखवायची हौस आलीच, तर दाखवा. मी नाही म्हणणार नाही, मला अजूनही ते आवडतं. पण समोर कुणी हात पुढे करून बसलं असेल, तर आधी तिकडे जा. मला ढकलता येत नाही, त्यामुळे ते काम मी उद्यावर ढकलूही शकत नाही. तुम्ही फक्त हुकूम द्या, मी ओढते.