दीड आटा

फिटरकाकांनी खिशातून खडूचा तुकडा काढला, ट्रॅक्टरमागच्या रोटाव्हेटरला फिरवणाऱ्या दांड्यावर वाकले आणि सांध्याच्या दोन्ही चकत्यांवरून जाईल अशी एक सरळ रेघ ओढली.

"चढ आता. रोटाव्हेटर मातीत सोड आणि मी हात वर केला की थांब."

लेक ट्रॅक्टरवर चढली. लिंबाच्या दोन ओळींमधून अंग चोरून जाईल एवढाच तो ट्रॅक्टर. बाबांच्या हातातलं कुदळ-फावडं सुटावं म्हणून तीन वर्षांपूर्वी तिनेच हट्टाने घ्यायला लावलेला. बाबांना जाऊन दीड महिना झाला होता. रात्री जेवून झोपले, ते सकाळी उठलेच नाहीत. तेवढ्यात तण गुडघ्याला लागलं होतं.

वीसेक पावलं गेली असतील. इंजिन जोरात गुरगुरायला लागलं आणि पाती मात्र मातीत तोंड खुपसून गप्प झाली. काकांनी हात वर केला. खडूची रेघ जशीच्या तशी होती.

"सांधा सरकला असता तर रेघ तुटली असती. म्हणजे दुखणं दांड्यात नाही, पोटात आहे."

मग त्यांनी तिला रोटाव्हेटर उचलायला लावलं, वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच हळूच सोडायला सांगितला. ट्रॅक्टर एक हिसका देऊन जागीच बंद पडला.

"चाकांचा क्लच ठणठणीत. घसरतोय तो पीटीओचाच, मागचा दांडा फिरवणारा." काकांनी चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली. "पेडल एकच, पण क्लच दोन. अर्धं दाबलं की चाकं थांबतात, तळापर्यंत दाबलं की मागचा दांडा. हा मागचा पकडच धरत नाही."

हे दुखणं लेकीच्या ओळखीचं होतं. फोनवर बाबा एकदा बोलून गेले होते, रोटाव्हेटर हल्ली ओढत नाही म्हणून. तिने लगेच झापलं होतं, "क्लचवर पाय ठेवून चालवता तुम्ही. शंभरदा सांगितलं, पण ऐकाल तर शपथ!" बाबा नुसते हसले होते. नंतर तिने काकांना दोनदा पाठवलं, तर दोन्ही वेळा बाबांनी त्यांना फाटकातूनच वाटेला लावलं.

"मला म्हणाले, तू चहा पी, पेशंट माझा मी बघतो." काका ट्रॅक्टरखाली सरकत म्हणाले. "मी म्हटलं, म्हाताऱ्याचा माझ्यावरचा विश्वास उडाला."

त्यांनी खालचं छोटं झाकण काढलं आणि आत विजेरी मारली.

"पेडल दाब. हळू. थांब, आता तिथेच धर."

ती पाय धरून बसली. पेडल अजून अर्ध्यावरच होतं.

"इथेच सुटतोय बघ. सुटायला हवा पार तळाशी." काका बाहेर आले आणि चष्मा पुसू लागले. "प्लेट झिजलेली नाही. आत तीन स्क्रू आहेत, ते कुणीतरी फिरवलेत. पान्याचे ताजे ओरखडे आहेत. पीटीओ अर्ध्या पेडललाच सुटावा म्हणून मुद्दाम केलंय. मग तो घट्ट धरणार कसा?"

"पण असं कशाला करेल कुणी?"

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "बाबांचा डावा पाय, क्लचचा, कसा होता?"

"चांगला होता. रोज बागेत तर..."

ती थांबली. मागच्या खेपेला ती निघाली तेव्हा बाबा ओट्यावरच्या खुर्चीतून उठले नव्हते. एरवी बॅग हिसकावून घेऊन स्टँडपर्यंत येणारा माणूस. 'आता काय लहान आहेस का, जा की,' म्हणाले होते. तिला ते लागलं होतं. वळणावर तिने मागे वळूनही पाहिलं नव्हतं.

काकांनी झाकणाच्या भोकातून हात घालून पाहिला. मनगटाशीच अडकला.

"माझा पंजा म्हणजे फावडं. वाकडा पाना आणावा लागेल दुकानातून. उद्या येतो."

आई पलीकडच्या झाडाखाली पडलेली लिंबं वेचत होती. ती उठली, टोपली बाजूला ठेवली आणि बाही कोपराच्या वर सारत आली.

"सरका भावजी."

ट्रॅक्टरवरच्या बाबांच्या हत्यारपेटीत डोकावलीही नाही. वरच्या चार पान्यांखालचा दहा नंबरचा पाना तिने बरोबर काढला, पोतं अंथरून आडवी झाली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. लेक विजेरी धरायला वाकली.

"दिवा नको," आई म्हणाली. "भावजी, इंजिन जरा हाताने फिरवा. पुढचा स्क्रू समोर येऊ दे. हं, बास."

आत लोखंडावर लोखंड कुरकुरलं.

"दीड आटा," आई म्हणाली. "प्रत्येकाला दीडच फेरा दिला होता."

काका खाली मान घालून पंख्याचा पट्टा ओढत राहिले.

"आई, तुला माहीत होतं?"

आईने दुसरा स्क्रू फिरवून पुरा केला.

"चप्पल निसटायची पायातून. यांना कळायचंच नाही. मी मागून उचलून आणायची."

"आणि डॉक्टर?"

"दोनदा नेलं. हे असं वाढतच जाणार म्हणाले." आईने पाना काढून दुसऱ्या हातात घेतला, बोटं झटकली, पुन्हा आत घातला. "पेडल तळाला जायचं नाही, पण बाग सोडायला तयार नव्हते. मग हे करून घेतलं माझ्याकडून. ते वरून सांगायचे, मी फिरवायची. थोडं घसरेल, पण वेळेला थांबेल तरी, म्हणाले."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू सगळं सोडून आली असतीस."

लेकीने विजेरी बंद केली. नोकरीचा राजीनामा तिने गेल्या सोमवारीच पाठवून दिला होता. घरात मात्र रजा वाढवून घेतलीय, एवढंच सांगितलं होतं.

तिसरा स्क्रू झाला. आई उठून बसली. ग्रीस मनगटापर्यंत माखलं होतं. काकांनी झाकण बसवलं आणि चावी लेकीच्या हातात दिली.

"रजा किती राहिली गं तुझी?" आईने हात पुसता पुसता विचारलं.

"आहे अजून," लेक म्हणाली आणि ट्रॅक्टरवर चढली.

तिने पेडल दाबलं. ते चांगलंच जड लागलं. तळाला टेकेपर्यंत तिला सीटची कड घट्ट धरून ठेवावी लागली.