गाडी गिअरमध्ये होती

त्याला सगळे टेस्टर म्हणत. गाड्यांची वायरिंग दुरुस्त करणं हा धंदा, आणि स्वतः तपासल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणं हा स्वभाव. चहात साखर आहे का हेही हा मीटर लावून बघेल, असं थोरला भाऊ म्हणायचा. आता थोरला भाऊ नव्हता, आणि ज्या फोर-बाय-फोरने त्याचा जीव घेतला ती टेस्टरच्या वर्कशॉपमध्ये चार स्टँडवर उभी होती.

झालं होतं ते असं. पावसाचा दिवस. घरासमोरच्या उतारावर, फाटकाच्या थोडं अलीकडे, वहिनीने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, गिअर टाकला. रेडिओ चालू राहावा म्हणून चावी तशीच ठेवली. भाऊ फाटक उघडायला खाली गेला, ती मागच्या पिशव्या काढायला उतरली, आणि गाडी निघाली ती थेट भावाच्या अंगावर. हँडब्रेक ओढलेला नव्हता. त्या घरात तो कोणीच ओढत नसे. चिखलाने केबल अडकून बसते, सुटता सुटत नाही, तेव्हा गाडी गिअरमध्ये ठेवायची, ही शिस्त भावानेच लावलेली. पुढे क्रेनवाल्याने गाडी ओढून काढताना गिअर हलवला आणि दाखवण्यासारखं काही उरलं नाही. गिअर टाकायला विसरली, असं एकजण म्हणाला, मग सगळेच म्हणायला लागले. लोकांचं काय जातं म्हणायला! सासूबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. वहिनी आधी 'टाकला होता' म्हणायची, मग 'टाकला असेल' म्हणायला लागली. हल्ली ती काहीच म्हणत नव्हती.

टेस्टर रडला नव्हता. जेवत होता, झोपत होता, लोकांचे हॉर्न आणि हेडलाइट दुरुस्त करत होता. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर हिरडी होते, तसं आत सगळं बधिर होतं. वाईट वाटत नाही याचंही त्याला वाईट वाटत नव्हतं.

गाडी वर्कशॉपमध्ये आली तेव्हा वहिनी येऊन एवढंच म्हणाली होती, "भाऊजी, मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. जे असेल ते दाखवा."

त्याचा संशय ट्रान्सफर केसवर होता. गिअरबॉक्सच्या मागे असलेली ही लोखंडी पेटी इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देते. पूर्वी तिची पोझिशन हाताने बदलायची, आता बटण दाबलं की एक छोटी मोटर ती बदलते. पण या पेटीलाही स्वतःचा न्यूट्रल असतो. ती न्यूट्रलला गेली की गिअर टाकला काय आणि न टाकला काय, सारखंच. गाडी मोकळी.

त्याने फ्यूज पाहिला, बॅटरी पाहिली, मोटर सोडवून वेगळी चालवून पाहिली. सगळं ठणठणीत. इलेक्ट्रिकचा दोष म्हणजे महा आगाऊ. रस्त्यात छळ छळ छळेल आणि मिस्त्री समोर आला की शहाण्या बाळासारखा बसेल. टेस्टरने जवळजवळ हात टेकले होते. शेवटी त्याने गाडीखाली आडवं पडून वायरच्या जुडग्यावर पाणी मारलं आणि ते मुठीत धरून हलवलं. मोटर 'घर्र' करून फिरली, बटणाला कोणी हात न लावता.

पण दोष एकदा आला म्हणजे तो सापडला, असं टेस्टर मानत नसे. तीनदा आला तरच दोष, नाहीतर नुसता भास. त्याने वहिनीला बोलावून घेतलं.

"चावी चालू आहे, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. त्या दिवशीसारखी," तो म्हणाला. "हा शाफ्ट मागच्या चाकांकडे जातो. फिरवून बघा."

वहिनी गाडीखाली बसली. तिने दोन्ही हातांनी जोर लावला. शाफ्ट हलला नाही.

टेस्टरने वायर हलवली. मोटर वाजली आणि शाफ्ट तिच्या हातात सहज फिरला.

"परत करा," ती म्हणाली.

त्याने परत केलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी ती शाफ्ट फिरवतच राहिली.

"कुठली पोझिशन आहे हे सांगणारी वायर घासली गेलीय," तो म्हणाला. "पाणी शिरलं की ती खोटं सांगते, आणि मोटर नसलेली चूक सुधारायला निघते. तुम्ही गिअर टाकला होता, वहिनी."

तिने शाफ्टवरचा हात काढला. मग विचारलं, "पण असं होताना दिवा लागतो ना समोर? मला दिसला असता."

हे त्याच्याही लक्षात आलं नव्हतं. त्याने डॅशबोर्डचं झाकण काढलं. दिव्याची वायर काढून ठेवलेली होती, तिच्या टोकाला काळी टेप नीट गुंडाळलेली. फुगा नाही, सुरकुती नाही. दोघं भाऊ एकाच उस्तादाकडे शिकलेले, त्यामुळे टेप कोणी लावली हे त्याला विचारावं लागलं नाही. झाकण पुन्हा बसवून टाकावं असं त्याच्या मनात आलं. पण वहिनी त्याच्या खांद्यामागे उभी होती.

"सारखा लुकलुकतो म्हणत होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, भाऊजींना दाखवा. तर म्हणे, तो टेस्टर चार दिवस गाडी अडकवून ठेवेल."

टेस्टरने ती खरोखरच ठेवली असती.

वहिनी ड्रायव्हरशेजारच्या, भावाच्या रिकाम्या सीटकडे वळली आणि घरात बोलायची त्याच आवाजात बोलायला लागली. "एवढं मला सांगायला काय झालं होतं तुम्हाला? वायर काढली, एका शब्दाने सांगता आलं नाही? मी हँडब्रेक ओढला असता." ती बराच वेळ बोलत होती. मग थांबली.

"माझी चूक होती तेच बरं होतं, भाऊजी," ती म्हणाली. "मी मला बोलून घेत होते. आता ह्यांना बोलायचं, तर हे कुठे आहेत?"

बाहेर एक गिऱ्हाईक हॉर्न वाजत नाही म्हणून हाका मारत होतं. टेस्टरने ओ दिली नाही. तो गाडीच्या पायरीवर बसला, आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा त्याला भावाचा राग आला, इतका की त्याला रडू आवरेना.