सळईतला नफा

"हा नफा कुणाला विचारून धरलास?" आण्णासाहेबांनी अंदाजपत्रकावर लाल रेघ ओढली. "विद्येचं काम आहे, शिवशंकर. इथं नफा बघायचा नसतो."

सास्तूरचा शिवशंकर लहानपणीच मावशीकडं कळंबला आला आणि पुढं तिथंच बांधकामाचा गुत्तेदार झाला. शाळेच्या दोन खोल्यांचं काम तोंडी ठरलं, सोमवारी भूमिपूजनाचा नारळ फुटला, त्याची खडी-वाळू मैदानावर येऊन पडली. आणि आता संस्थेचे अध्यक्ष आण्णासाहेब भाव पाडायला बसले होते. बैल दावणीला बांधून झाल्यावर किंमत करावी, तसे.

"नफा न्हाय तर म्या खायचं काय, सर?"

"आणि हा वरखर्च? हा तर नुसता हवेतला."

"हवेतला कसा? राखणदार, सेंटरिंगचं भाडं, गाडीचं डिझेल. मागं गडी परांचीवरून पडला, त्याचा दवाखाना म्याच केला न्हवं?"

"विटा दिसतात, वाळू दिसते, त्याचे पैसे देऊ. न दिसणाऱ्याचे कसले?"

शिवशंकरनं राग गिळला. "नफा निम्मा करतो. वरखर्चाला तेवढा हात लावू नका."

आण्णासाहेब हसले. खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाले, "लई भोळा आहेस बघ. स्लॅबमधली सळई जरा लांब लांब टाकायची. आतलं कुणाला दिसतंय? तुझा नफा तिथं निघंल. मी काही म्हणणार न्हाय."

शिवशंकर ताडकन उठला. खुर्ची मागं आदळली.

"सर, सास्तूरला भूकंपात माझी बहीण उमा दगडाखाली गेली. आईनं हातानं माती उकरली, नखं निघाली तिची. म्या पाच वर्साचा होतो, बघत होतो. त्या घराच्या भिंती पडतील, हे कुणाला ठावं नव्हतं वो! तुम्हाला तर ठावंय!"

"आवाज खाली कर. दुसरे गुत्तेदार दारात उभे आहेत माझ्या."

"मग त्यांना सांगा. पर आत्ता बोललात तसं हळू नका सांगू. मैदानात उभं राहून, पोरांच्या आईबापांपुढं सांगा."

बाहेर गोरोबा मिस्त्री वाट बघत होता.

"गोरोबामामा, सेंटरिंगच्या प्लेटा भरा गाडीत. गुत्तं गेलं."

म्हाताऱ्यानं त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि डोक्याला फडकं गुंडाळलं. तेवढ्यात शिपाई आला. "खडी-वाळू राहू द्या म्हणलेत सर. नव्या गुत्तेदाराला कामी यील."

"खडीबी भरा," शिवशंकर ओरडला. "वाळूबी भरा!"

"मालक, वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीवर जाईल," गोरोबा म्हणाला.

"जाऊ द्या."

त्यानं स्वतःच खोरं उचललं. खडी घमेल्याबाहेर सांडत होती.

जेवणाची सुट्टी झाली. पोरी डबे घेऊन मैदानात धावल्या. पांढऱ्या फक्कीनं आखलेल्या दोन खोल्या त्यांना आयत्याच सापडल्या. गुडघाभरसुद्धा भिंत नव्हती, तरी एकही पोरगी रेघ ओलांडत नव्हती. दारासाठी सोडलेल्या जागेतून एकेक जणी चपला बाहेर काढून आत जात होती.

शिवशंकर पाठमोरा झाला आणि घमेलं भरत राहिला.