वय झालं होतं म्हणे!

वृद्धाश्रमात दुपारपासून तिघांना जुलाब लागले होते. संध्याकाळी चौथे काका आडवे झाले. जन्मभर बस चालवलेली, म्हणून सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. पोट धरूनही ते म्हणाले, "आज ब्रेकच लागेना!" खोलीत हशा पिकला.

त्यांची बायको तेवढी हसली नाही. नवरा-बायको दोघं तिथेच राहत. ती व्यवस्थापिकेकडे गेली.

"मॅडम, सरकारी दवाखान्यात कळवा ना."

"काकू, मागे खरजेची साथ आली तेव्हा कळवलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली. आश्रमाला टाळं ठोकीन म्हणाले! पुन्हा कोण त्यांच्या तोंडी लागणार?"

व्यवस्थापिका मनाने वाईट नव्हती. तिने स्वतः चादरी बदलल्या, सगळ्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं. पण ते पाणी आश्रमाच्या टाकीतलंच होतं.

सकाळी काकांचे डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली. आता मात्र व्यवस्थापिकेने घाबरून दवाखान्यात फोन लावला.

"तुमची संस्था खासगी," डॉक्टर म्हणाले. "तुमचा डॉक्टर असेल ना? त्याला बोलवा. इथे मला श्वास घ्यायला फुरसत नाही." फोन बंद झाला.

आश्रमाचा डॉक्टर परगावी होता. ॲम्ब्युलन्स मिळेपर्यंत दुपार उलटली. काका वाटेतच गेले. बायकोच्या हातातला त्यांचा हात गार पडत गेला.

दवाखान्यात स्ट्रेचरजवळच भांडण जुंपलं.

"आधी का नाही कळवलंत?"

"कळवलं तेव्हा तुम्ही फोन आपटलात!"

शेवटी डॉक्टर म्हणाले, "जाऊ द्या, वय झालं होतं त्यांचं."

"हो ना, वय तर झालंच होतं," व्यवस्थापिकेने मान हलवली. पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं!

काकू उठल्या. "वय गेल्या आठवड्यातही तेवढंच होतं! तेव्हा गच्चीवर जाऊन माझं लुगडं वाळत घालत होते ते. मॅडम, तुम्ही डॉक्टरांना घाबरलात. आणि डॉक्टर, आम्ही घरी होतो तेव्हा तुमची नर्स दारात येऊन ब्लडप्रेशर बघायची. आश्रमात आलो आणि आम्ही कुणाचेच उरलो नाही का?"

मग डॉक्टरांनी विचारलं, "बाकीचे तिघे कसे आहेत?"

ते व्यवस्थापिकेसोबत तसेच निघाले. आश्रमात पाहिलं तर जमिनीखालच्या टाकीत शेजारच्या गटाराचं पाणी झिरपत होतं. त्या तिघांपैकी दोघं वाचले. एक आजी मात्र वाचल्या नाहीत.

"चूक दिसली तर ओरडणार नाही, दुरुस्त करायला मदत करीन. पण लपवू नका," डॉक्टर म्हणाले.

"नाही लपवणार," व्यवस्थापिका रडत म्हणाली. "पण तुम्ही फोन उचला."

आता दवाखान्याची नर्स दर आठवड्याला आश्रमात येते. काकूंच्या शेजारची खाट मात्र रिकामीच आहे.

मंडळी, आपलंही कुणीतरी अशा आश्रमात असेल, उद्या आपणही असू. तिथे गेलात तर खाऊ द्या, गप्पा मारा, पण एवढंही विचारा, की जवळच्या सरकारी दवाखान्याशी तुमचं बोलणं आहे ना? राहण्याची जागा बदलली म्हणून माणूस परका होत नाही. एकाने भीतीपोटी लपवायचं आणि दुसऱ्याने हात झटकायचे, यात जीव जातो तो म्हाताऱ्या माणसाचा. त्याला वय झालं म्हणणं हे दुसरं पाप!