काळ्या भाताची वाइन

बाई गं, या माणसापुढे डोकं आपटायचं तरी किती! लग्न झाल्यापासून अबीलियो मला त्याच्या मळ्यातली ती आंबटढाण, शाईसारखी गडद तांबडी वाइन पाजतोय. सार्डिनबरोबर तीच, डुकराच्या मांसाबरोबर तीच, मी तापाने फणफणले होते तेव्हाही तीच. आणि आज लेकीच्या होणाऱ्या सासूबाई लिस्बनहून जेवायला यायच्या, तर याने पिंपावर गोणपाट टाकलं आणि दुकानातून महागडी बाटली आणली!

कारण मला ठाऊक होतं. आमची सेलेस्त नाताळात म्हणाली होती, "बाबा, तेल्मोची आई येईल तेव्हा ही काढू नका हं. दात जांभळे होतात, लाज वाटते."

याने तेव्हा वाइनचा जग उचलून आत नेऊन ठेवला. गेल्या आठवड्यात मात्र ट्रॅक्टरवाल्या झेफेरीनोला परस्पर सांगून आला, सोमवारी ये आणि तांबड्या द्राक्षांचे वेल मुळासकट उपट, तिथे पांढरी लावू. त्याच्याच आजोबांच्या हातचे वेल! मी भांडले, रडले. पण हा ढिम्म. सोमवार उद्यावर आला.

तरी मी लांप्रेआचा भात घातला. वामीसारखा लांबडा मासा, त्याचं रक्त गोठू नये म्हणून ते वाइनमध्येच धरायचं, मासा त्यात मुरवायचा, आणि त्यातच भात शिजवायचा. वाइन ओतायचं काम नेहमी अबीलियोचं.

झाकण काढलं आणि माझं धाबं दणाणलं. भात काळाभोर हवा, हा तर मातकट! चव घेतली, तर गुळचट.

"कुठली ओतलीस रे?"

"दुकानातली," तो खाली बघत म्हणाला. "पाहुण्यांना आपल्या वाइनची चव नको."

"मेल्या, अक्कल गहाण टाकलीस का!"

पण पाहुणे टेबलाशी बसले होते. वाढला तसाच. विहीणबाई दोना ओर्तेंसियांनी दोन घास खाल्ले, काटा खाली ठेवला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. मग जरा संकोचून, "हा काळा असतो ना हो? मी त्यासाठीच एवढ्या लांब आले."

झालं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. तडक कोठारात गेले, गोणपाट भिरकावलं, जग भरून आणला. अर्धा पातेल्यात ओतून एक उकळी काढली, उरलेल्यातला थोडा आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे पांढऱ्या वाडग्यांत ओतला, आणि जग नवऱ्याच्या हाती दिला. अबीलियो "अगं, अगं" करत राहिला.

दोना ओर्तेंसियांनी काळा भात खाल्ला. मग वाडगा दोन्ही हातांनी उचलून प्यायल्या आणि हसल्या. दात जांभळे!

"आई, आरशात बघ जरा," तेल्मो म्हणाला.

"आधी तुझे दात बघ, गाढवा. सूनबाई, तू का नाही घेत?"

सेलेस्तने वाडगा पुढे केला. अबीलियो जग घेऊन तसाच उभा.

"नको गं," तो म्हणाला. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच तिची काळजी होती. "दात जांभळे होतील तुझे."

"होऊ देत. ओता ना, बाबा."

त्याने ओतली. निम्मी माझ्या चांगल्या टेबलक्लॉथवर सांडली. ती घटाघटा प्यायली.

"आता तरी झेफेरीनोला फोन कर!" मी म्हटलं.

"शब्द दिलाय त्याला. कुठल्या तोंडाने सांगू?"

देवा, उचल रे मला!

सेलेस्तनेच फोन लावला. "झेफेरीनोकाका, उद्या येऊ नका. वेल राहू देत. ही वाइन लग्नात लागणार आहे आम्हाला."

आणि हा शहाणा? बाहीला डोळे पुसत माझ्यावरच खेकसला, "भातात एवढी ओततात का कधी?"